रिझर्व्हमधून मुदतीआधी बाहेर पडायचंय? ड्रिल बुडवायच्या आधी हे वाचा

मागच्या दिवाळीत फराळाला आलेल्या एका मुलाने चिवड्याची वाटी हातात धरून किचनमध्ये हळूच विचारलं, "काका, जानेवारीपासून मी ड्रिलला गेलोच नाही तर काय होईल?" मुलगा अमेरिकन आर्मी रिझर्व्हमधे, म्हणजे अर्धवेळ लष्करात (तिथल्या महिन्यातल्या एका वीकेंडच्या सरावाला ड्रिल म्हणतात), सहा वर्षांतली अडीच झालेली, नवीन नोकरी दुसऱ्या राज्यात लागलेली, त्यामुळे दर महिन्याला ड्रिलला जायला विमान आणि तिकीट स्वतःच्या खिशातून, वर बायकोला पाचवा महिना. त्याला कुणीतरी सांगितलेलं की जाणं बंद कर, कंटाळून तेच काढून टाकतात. आता हे खोटं नाहीये, काढतात. पण काढताना हातात कुठला कागद देतात ते सांगणारा सांगत नाही, आणि आपल्यासारख्या ग्रीन कार्डवरून भरती झालेल्या लोकांना तो कागद अंगाशी येऊ शकतो.

मी स्वतः नऊ वर्षं रिझर्व्हमधे काढली, बराचसा काळ सप्लायमधे, म्हणजे जाणाऱ्या प्रत्येक माणसाचं सामान परत घेणारा मीच. मी वकील नाही. नियम बदलत असतात, त्यामुळे खाली जे रेग्युलेशनचे नंबर दिलेत त्यांची चालू आवृत्ती आर्मीच्या पब्लिशिंग साइटवर फुकट मिळते ती बघा. हे सगळं आर्मी रिझर्व्ह आणि नॅशनल गार्डच्या (म्हणजे राज्यांच्या अर्धवेळ दलाच्या) साध्या सोल्जरसाठी आहे, ऑफिसरांचं राजीनाम्याचं प्रकरण वेगळं असतं, ते इथे घेत नाही.

पहिलं काम: कॉन्ट्रॅक्ट शोधा

भरती होताना सही केलेला डीडी फॉर्म ४ आणि त्याच्या मागचे सगळे अॅनेक्स बाहेर काढा. बहुतेकांना वाटतं आपलं कॉन्ट्रॅक्ट सहा वर्षांचं. ते सहाचं नाहीये, आठचं आहे. पहिल्यांदा भरती होणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर एकूण आठ वर्षांची जबाबदारी असते, रिक्रूटर "सिक्स बाय टू" म्हणाला होता ना, त्यातले सहा म्हणजे दर महिन्याला एक वीकेंड आणि वर्षातून दोन आठवडे युनिटबरोबर, आणि राहिलेली दोन वर्षं आयआरआर, म्हणजे इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह, जिथे ड्रिल नाही, पगार नाही, फक्त नाव यादीत. काहींचं थ्री बाय फाइव्ह असतं.

हे समजणं का महत्त्वाचं, कारण इथेच निम्म्या लोकांचा प्रश्न सुटतो. तुम्हाला लष्कर सोडायचंय की ड्रिल सोडायचंय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लष्कर पूर्ण सोडणं, म्हणजे डिस्चार्ज, मुदतीआधी मिळवायला कारण तगडं लागतं. पण युनिट सोडून आयआरआरमधे जाणं किंवा घराजवळच्या युनिटमधे जाणं हे त्या मानाने खूपच सोपं, आणि त्यात तुमच्या रेकॉर्डवर डाग पडत नाही कारण तुम्ही अजून आत आहातच.

कॉन्ट्रॅक्टमधे अजून दोन गोष्टी बघा: बोनस घेतलाय का, आणि स्टुडंट लोन रिपेमेंट किंवा जीआय बिलसाठी (शिक्षणासाठी मिळणारे लष्करी पैसे) वेगळी सही केलीय का. पैशाचं पुढे बोलू.

आता कागद घेऊन स्वतःशी खरं बोला

नक्की काय नको झालंय? अंतर, बॉस, वेळ, आईवडलांचं आजारपण, गुडघा, की बंदूकच नको वाटायला लागलीय? कारण प्रत्येकाचं दार वेगळं आहे आणि चुकीच्या दारावर टकटक केली की सहा महिने वाया जातात आणि कमांडर पण वैतागतो.

थोड्या दिवसांचीच अडचण असेल, म्हणजे परीक्षा, लग्न, बाळंतपण, ऑफिसची डेडलाइन, तर कुठलंच दार नको. ड्रिलच्या आधी लेखी ईमेल करून आरएसटी मागा, म्हणजे ते ड्रिल दुसऱ्या दिवशी करून देणं. मी पाहिलेल्यातले अर्धे लोक ज्या गोष्टीमुळे पळाले ती दोन आरएसटीत मिटली असती, पण आपल्याकडे साहेबाकडे काही मागायचं म्हणजे कमीपणा वाटतो ना.

बॉस त्रास देत असेल, म्हणजे सिव्हिलियन नोकरीतला, की "दर महिन्याला सुट्टी कशाला", तर तिथे पळायचं नसतं उलट बॉसला कायदा दाखवायचा असतो. युसेरा नावाचा फेडरल कायदा आहे, त्यानुसार एकाच मालकाकडे सर्वसाधारणपणे एकूण पाच वर्षांपर्यंतच्या लष्करी सेवेसाठी तुमची नोकरी राखून ठेवावी लागते आणि ड्रिलमधे गेलेला वेळ तर त्या पाच वर्षांत धरतच नाहीत. इएसजीआर म्हणून संरक्षण खात्याचंच एक ऑफिस आहे, त्यांचे लोक मालकाशी फुकट बोलतात, आणि एक फोन गेला की एचआरचा सूर बदलतो.

अंतर हा प्रश्न असेल तर

हे सगळ्यात कॉमन. नियमातच "वाजवी अंतर" ठरलेलं आहे: साधारण ५० मैलांच्या आत किंवा दीड तासाचा प्रवास, आणि जिथे वीकेंडला सलग चार असेंब्ली, म्हणजे ड्रिलची सत्रं, होतात आणि राहायची जेवायची सोय सरकार करतं तिथे १०० मैल किंवा तीन तास. तुम्ही खरोखर त्याच्या बाहेर राहायला गेलात तर नवीन लीज, नोकरीचं पत्र, नवीन लायसन्स यांच्या कॉपी लावून बदली मागा. आर्मी रिझर्व्हमधे फॉर्म आहे डीए ४६५१, त्याच फॉर्मवर दुसरं युनिट पण मागता येतं आणि आयआरआर पण. गार्डवाल्यांचं थोडं वेगळं कारण गार्ड राज्याची असते, तिथे इंटरस्टेट ट्रान्सफर करावी लागते, दोन राज्यांचे लोक एकमेकांशी बोलणार, म्हणजे वेळ लागणार. जुन्या राज्याने सोडलं आणि नवीन राज्याने अजून घेतलं नाही अशा मधल्या फटीत ड्रिल चुकवू नका, त्या फटीत खूप लोक अडकलेत.

चिवडावाल्या मुलाचं हेच झालं. त्याला दहा मिनिटं विचारल्यावर कळलं की त्याला आर्मीचा राग नाहीये, विमानाचा आहे. मार्चमधे त्याला नव्या घरापासून चाळीस मैलांवरचं युनिट मिळालं. अजून जातो. कुरकुर करत जातो, पण जातो.

आयआरआर, म्हणजे बाजूचा दरवाजा

आता ज्यांना जवळचं युनिट पण नको, त्यांच्यासाठी हा खरा मार्ग. ज्याची सुरुवातीची बांधिलकी संपलीय आणि पुन्हा सही करून चालू आहे त्याला आयआरआर मिळणं बरंच सोपं. ज्याची सहातली तीनच झालीत त्याला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण कागदावर सिद्ध करावं लागतं. एआर १४०-१० हे रेग्युलेशन वाचा, बदल्यांचं सगळं त्यात आहे.

करायचं असं. आधी तुमच्या फर्स्ट लाइन लीडरला, म्हणजे तुमच्या थेट वरच्या माणसाला, तोंडी सांगा, त्याला बायपास करून वर गेलात तर तो कागद त्याच्याच टेबलावर परत येतो आणि मग तिथेच झोपतो. नंतर युनिटच्या करिअर काउन्सेलरला भेटा, गार्डमधे रिटेन्शन एनसीओ म्हणतात. लक्षात ठेवा त्याचं काम तुम्हाला ठेवणं आहे, तो बोनस, नवीन जॉब, दुसरं युनिट असं सगळं दाखवणार, ऐकून घ्या कारण कधीकधी त्यातलं एखादं खरंच चांगलं असतं. मग डीए ४६५१ भरा, सोबत एक पानाचा मेमो जोडा, त्यात भावना कमी आणि तारखा जास्त, काय बदललं, कधी बदललं, तुम्ही काय उपाय करून पाहिलेत. पुरावे मागे लावा. कमांडर शिफारस करतो, मंजुरी बहुतेक वेळा वरच्या मुख्यालयातून येते, त्यामुळे दोन-तीन महिने सहज जातात, जास्तही. दर ड्रिलला विनम्रपणे विचारत राहा, ईमेलवर विचारा म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो.

आणि ऑर्डर हातात येईपर्यंत ड्रिलला जायचं. "मी पेपर टाकलेत" हे कारण चालत नाही. मी स्वतः बघितलंय, एका पोराचे आयआरआरचे पेपर मंजूर होऊन येणार होते आणि तेवढ्यात त्याच्या नऊ गैरहजेऱ्या भरल्या (नऊचं गणित पुढे आहे), सगळं फिस्कटलं.

आयआरआरमधे गेल्यावर काय राहतं तर पत्ता अपडेट ठेवणं, फोर्ट नॉक्सच्या ह्युमन रिसोर्सेस कमांडचं पत्र आलं तर उत्तर देणं, आणि बोलावलं तर मस्टरला, म्हणजे हजेरीला, जाणं, त्याचे थोडे पैसेही मिळतात. परत बोलावू शकतात का? हो, शकतात. २००४ मधे इराक युद्धात आर्मीने आयआरआरमधल्या साडेपाच हजारांहून जास्त लोकांना बोलवायचं जाहीर केलं होतं, त्यातले कित्येक जण युनिफॉर्म माळ्यावर टाकून मोकळे झालेले. त्यामुळे "संपलं" असं समजू नका. आठ वर्षं पूर्ण झाली की मग खरा डिस्चार्ज.

एक गोष्ट मधेच: तुमच्या युनिटला मोबिलायझेशनचा, म्हणजे पूर्णवेळ ड्यूटीवर बोलावण्याचा, अलर्ट आला की या सगळ्या बदल्या आणि सुटका साधारणपणे गोठतात. अफवा ऐकू यायला लागल्यावर पेपर टाकणाऱ्याकडे सगळे ज्या नजरेने बघतात ती नजर मी बघितलीय. जायचंच असेल तर शांततेत जा.

घरची अडचण, आणि भाऊ पुण्यात असतो तेव्हा

हार्डशिप किंवा डिपेन्डन्सीच्या कारणावर डिस्चार्ज मिळतो. एआर १३५-१७८ मधे आहे, हे रेग्युलेशन गार्ड आणि रिझर्व्ह दोन्हीच्या एनलिस्टेड, म्हणजे ऑफिसर नसलेल्या, लोकांना लागू आहे. पण चार गोष्टी दाखवाव्या लागतात आणि त्या चारही: अडचण तात्पुरती नाही, भरती झाल्यावर उद्भवलीय किंवा भरतीनंतर खूप वाढलीय, दुसरे सगळे उपाय करून झालेत, आणि तुम्हाला सोडल्याने ती खरोखर सुटणार आहे.

आपल्या लोकांचं इथे नेमकं कुठे अडतं ते सांगतो. समजा सांगलीत वडलांना पॅरालिसिस झाला, आई एकटी, तुम्ही इथे. तुम्ही लिहिता की मला वडलांकडे जायचंय. समोरचा विचारतो, तुला भाऊ आहे का? आहे, पुण्यात. मग तो का नाही बघत? आता आपल्या घरात कोण का बघत नाही याचं उत्तर तीन पिढ्यांचं असतं, ते एक पानी मेमोत बसत नाही. पण लिहावं लागतंच. भावाचं स्वतःचं पत्र घ्या की तो का करू शकत नाही, त्याच्या नोकरीचे, मुलांचे, कर्जाचे कागद. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, त्यात "पेशंट आजारी आहे" एवढंच नको, किती दिवस, कुठली मदत रोज लागते, सुधारण्याची शक्यता किती. मराठी कागद असतील तर भाषांतर जोडा, खाली भाषांतर करणाऱ्याची सही. आणि हेही बघा की महिन्यातला एक वीकेंड ड्रिल असताना "मला डिस्चार्ज दिला तरच वडलांचं होईल" हे पटवणं अवघड आहे, जर तुम्ही मुळात डॅलसला राहूनच पैसे पाठवणार असाल तर. खरोखर भारतात राहायला जात असाल तर गोष्ट वेगळी, पण मग कदाचित डिस्चार्जपेक्षा आयआरआर लवकर मिळेल. काहीही करा, तिकीट काढायच्या आधी लेखी कळवा, परदेशी निघून गेल्यावर पुण्याहून व्हॉट्सअॅप करू नका.

बाळंतपणाचं पण नियमांत वेगळं कलम आहे. गरोदर सोल्जरला काउन्सेलिंग करून तिचे पर्याय समजावून सांगायचे असतात, ते काउन्सेलिंग मागून घ्या, बऱ्याच युनिटना ते द्यायचं असतं हेच आठवत नाही.

शरीर

गुडघा, पाठ, दमा, डिप्रेशन, काहीही. इथे पहिला प्रश्न एकच, दुखापत ड्यूटीवर झाली की घरी? ड्रिलमधे किंवा ट्रेनिंगमधे झाली असेल तर लाइन ऑफ ड्यूटीचा (एलओडी) तपास, म्हणजे दुखापत ड्यूटीवरचीच का याचा तपास, झाल्याशिवाय, डीए २१७३ फॉर्म भरल्याशिवाय, बाहेर पडायचा विचारही करू नका. कारण ड्यूटीवरची दुखापत मेडिकल बोर्डकडे जाते आणि तिथे ३० टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर मेडिकल रिटायरमेंट मिळू शकते, त्याखाली साधारणपणे एकरकमी पैसे. तेच एलओडी नसेल तर तुम्ही नुसतेच "अनफिट" म्हणून बाहेर, हात हलवत. आपली मुलं दुखणं अंगावर काढतात, आयबुप्रोफेन खातात आणि पळतात. असं करू नका, त्याच दिवशी मेडिककडे जाऊन कागद करा.

आणि एक घातक सल्ला फिरत असतो, "सांग की भरती होताना दमा लपवला होता, लगेच काढतील." हो काढतील, फसवून भरती झाला म्हणून. तो लष्करी कायद्यात गुन्हा आहे. तसंच मुद्दाम लघवीच्या टेस्टमधे गांजा दाखवायचा, हे तर नागरिक नसलेल्या माणसाने स्वप्नात पण करू नये, कारण ड्रग्जचं प्रकरण आर्मीच्या बाहेर इमिग्रेशनमधे आयुष्यभर पाठलाग करतं.

मन मानत नसेल

कॉन्शियन्शस ऑब्जेक्टर, म्हणजे सद्सद्विवेकबुद्धीला युद्धच पटत नाही असा माणूस. हे दार खरं आहे, दिखाऊ नाही, पण अरुंद आहे. आर्मीत एआर ६००-४३. दोन प्रकार: १-ओ म्हणजे पूर्ण सुटका, १-ए-ओ म्हणजे शस्त्राशिवाय सेवा. अट अशी की कुठल्याही स्वरूपाच्या युद्धाला विरोध हवा. "मला हे एक युद्ध पटत नाही" हे चालत नाही, १९७१ मधे सुप्रीम कोर्टाने जिलेट खटल्यात हे स्पष्ट केलंय. विश्वास धार्मिक असायलाच हवा असं नाही, नैतिकही चालतो, पण प्रामाणिक आणि खोल हवा, आणि भरती झाल्यानंतर तयार झालेला हवा, कारण आधीपासून होता तर सही का केली हा प्रश्न येतो.

चॅप्लेनची (लष्करी धर्मगुरूची) मुलाखत, मानसोपचारतज्ञाची मुलाखत, मग एका तपास अधिकाऱ्यासमोर सुनावणी. लेखी उत्तरं लांबलचक द्यावी लागतात, तुम्ही काय वाचलंत, कधी बदललात, रोजच्या जगण्यात काय बदललं. कोल्हापूर-सांगलीकडचे जैन घरातले पोरगे असतील तर अहिंसा घरातूनच आलेली असते, पण उलट त्यांनाच हे अवघड जातं, समोरचा विचारतो की मग लहानपणापासूनच होती की. तिथे नेमकं सांगता यायला हवं की आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट तुमची स्वतःची कधी झाली, कुठल्या दिवशी, कशामुळे. अर्ज चालू असताना ड्रिल चालूच, फक्त शक्य तितकं तुमच्या श्रद्धेला न टोचणारं काम देतात. यासाठी जीआय राइट्स हॉटलाइनला फोन करा, फुकट आणि गोपनीय, ते या अर्जांमधे मुरलेले लोक आहेत.

अजून बेसिकला गेलाच नसाल

सही केली, शपथ घेतली, पण ट्रेनिंग बाकी, आणि मन बदललं. रेग्युलर आर्मीच्या डिलेड एंट्रीवाल्यांना, म्हणजे सही करून ट्रेनिंगच्या तारखेची वाट बघणाऱ्यांना, जे "बदललं मन, नाही येत" म्हणता येतं तितकं सरळ रिझर्व्हमधे नाही कारण तुम्ही शपथ घेतली त्या दिवसापासून युनिटमधे आहात. तरी एंट्री लेव्हलच्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या, काळात काढलं तर डिस्चार्जला बहुतेक वेळा चांगला-वाईट असा शिक्काच नसतो. रिक्रूटर ओरडेल, तुरुंगाची भीती घालेल. तुम्ही लेखी पत्र द्या, शांत, एक पान, कॉपी ठेवा.

दुसऱ्याच शाखेत जायचंय, एअर फोर्स रिझर्व्ह किंवा पूर्णवेळ आर्मी? डीडी ३६८ कंडिशनल रिलीज, म्हणजे तिकडे घेतलं तर इकडून सोडतो असा फॉर्म. त्यावर मंजुरीची सही झाली की पुढे जाता येतं.

नुसतं गायब झालात तर काय होतं

आता त्या किचनमधल्या प्रश्नाचं उत्तर. एक वीकेंड म्हणजे चार असेंब्ली. एका वर्षात नऊ विनापरवानगी गैरहजेऱ्या झाल्या की तुम्ही "अनसॅटिसफॅक्टरी पार्टिसिपंट". म्हणजे दोन वीकेंड आठ, आणि तिसऱ्या वीकेंडच्या शनिवारी सकाळी नववी. एवढं पटकन. वर्षाचं दोन आठवड्यांचं ट्रेनिंग बुडवलं तर तेही त्यातच. घरी पत्र येतं, जुन्या पत्त्यावर, जिथे आता दुसरंच कुणीतरी राहतं. गार्डमधे असाल तर काही राज्यांच्या मिलिटरी कोडमधे ड्रिल बुडवण्याला दंड वगैरेही आहे.

मग सेपरेशन, म्हणजे सेवेतून काढणं, सुरू होतं, आणि शिक्का तीनपैकी एक: ऑनरेबल म्हणजे सन्मानाने, जनरल म्हणजे मधला, किंवा अदर दॅन ऑनरेबल म्हणजे वाईट. शेवटचा मिळायची तयारी चालू असेल, किंवा तुमची एकूण सेवा सहा वर्षं किंवा जास्त असेल, तर तुम्हाला बोर्डसमोर सुनावणीचा हक्क आहे आणि फुकट लष्करी वकील मिळतो. पण तो ट्रायल डिफेन्स सर्व्हिसचा मागायचा. युनिटचा जॅग, म्हणजे तिथला लष्करी वकील, तुमचा नसतो, कमांडरचा असतो, तो कितीही गोड बोलला तरी. पत्राला मुदतीत उत्तर दिलं नाही तर हक्क सोडला असं धरतात, आणि गायब माणूस उत्तर देत नाही हेच तर दुखणं आहे.

काहींना काहीच झालं नाही, हेही खरं. कंटाळून युनिटने जनरल देऊन सोडलं. पण ते नशीब, आणि त्या माणसाचा पासपोर्ट कुठला होता ते विचारा.

ग्रीन कार्डवाल्यांनी हे दोनदा वाचा

११ सप्टेंबर २००१ पासून आजपर्यंतचा काळ अमेरिकेच्या कायद्यात युद्धकाळ धरलाय, त्यामुळे सिलेक्टेड रिझर्व्हमधे (म्हणजे ड्रिल करणाऱ्या युनिटांमधे) ऑनरेबल सेवा करणारा सोल्जर पाच वर्षं न थांबता, फी न भरता नागरिकत्वाचा अर्ज करू शकतो, एन-४०० हा अर्ज आणि सोबत एन-४२६ हा सेवेचा दाखला. आपली बरीच मुलं याचसाठी येतात, त्यात लपवायचं काही नाही. पण त्याच कायद्यात खाली लिहिलंय की लष्करी सेवेच्या जोरावर मिळालेलं नागरिकत्व, एकूण पाच वर्षं ऑनरेबल सेवा व्हायच्या आधी अदर दॅन ऑनरेबल शिक्क्याने बाहेर पडलात तर, काढून घेता येतं. येतं म्हणजे प्रत्येकाचं काढतात असं नाही. पण तीन वीकेंड झोपून काढण्यासाठी एवढी रिस्क?

दुसरा सापळा फार कमी लोकांना माहीत आहे. "मी अमेरिकन नागरिक नाही, परदेशी आहे, म्हणून मला सेवेतून मोकळं करा" असं कारण देऊन सुटका मागितली आणि मिळाली, तर तो माणूस कायमचा नागरिकत्वाला अपात्र होतो, इमिग्रेशन कायद्याचं कलम ३१५. हुशारीने कुणी हे कारण सुचवलं तर हात जोडा. अर्ज करण्याआधी इमिग्रेशनचा वकील, लष्करी नाही, इमिग्रेशनचा, एक तास पैसे देऊन भेटा.

आणि भारताच्या बाजूचं: परदेशी लष्करात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) मिळत नाही, असं गृह मंत्रालयाचे नियम सांगतात. म्हणजे लवकर बाहेर पडलो की ओसीआयचं मिटेल, या हिशोबाने कुणी निघत असेल तर तो हिशोब कच्चा आहे.

पैसे

न कमावलेला बोनस परत मागतात. साधं गणित, सहा वर्षांसाठी २०,००० डॉलर हातात आले आणि तीन वर्षांनी निघालात तर १०,००० ची नोटीस येऊ शकते, आणि ती संरक्षण खात्याच्या फायनान्स ऑफिसकडून येते, दुर्लक्ष केलं तर टॅक्स रिफंडमधून कापतात. निघायच्या आधी किती देणं निघेल ते लेखी विचारा, हप्ते पण पाडून मिळतात.

रिझर्व्हचं जीआय बिल, म्हणजे चॅप्टर १६०६, युनिट सोडलं की थांबतं, सेमेस्टरच्या मधे निघू नका. ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट, म्हणजे रिझर्व्हवाल्यांचा आरोग्य विमा, पण जातो. एकट्या माणसाचा महिन्याचा प्रीमियम २०२४ मधे पन्नासएक डॉलर होता, तेवढ्यात बाहेर काय मिळतं ते बघा एकदा मार्केटप्लेसवर जाऊन, मी बघितलं आणि पुन्हा तीन वर्षांसाठी सही केली, हसू नका. एसजीएलआय आयुर्विमा सुटल्यावर १२० दिवस चालू राहतो, आणि २४० दिवसांच्या आत व्हीजीएलआयला, म्हणजे सेवेनंतरच्या विम्याला, अर्ज केला तर तब्येतीचे प्रश्न विचारत नाहीत, डायबेटिस घराण्यात असलेल्यांनी ही तारीख कॅलेंडरमधे टाकाच. बारा-पंधरा वर्षं झाली असतील तर वीस चांगल्या वर्षांनी साठाव्या वर्षापासून पेन्शन आहे, थोडा दम धरा, दर वर्षी ५० पॉइंट लागतात फक्त.

शिक्का वाईट पडलाच असेल

डीडी २९३ भरून डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डकडे १५ वर्षांच्या आत दाद मागता येते. त्यापुढे डीडी १४९, रेकॉर्ड दुरुस्ती बोर्ड, त्याला चूक कळल्यापासून तीन वर्षं, पण न्यायासाठी गरज वाटली तर ते उशीर माफ करू शकतात. गैरहजेरीच्या काळात तुम्ही हॉस्पिटलमधे होतात, पत्रं चुकीच्या पत्त्यावर गेली, असं काही असेल तर ते कागद आजपासूनच जमवा.

निघायच्या दिवशी, माझ्या खात्याचं

ऑर्डर आली, आनंद झाला, लोक निघून जातात. आणि सामान? हेल्मेट, वेस्ट, स्लीपिंग सिस्टम, ते दोन डफल बॅगा, सगळं तुमच्या नावावर लिहिलेलं असतं आणि परत नाही केलं तर किंमत लावून तुमच्या नावाने कर्ज तयार होतं. मी स्वतः कितीतरी लोकांना फोन केलेत, "अरे ती स्लीपिंग बॅग," आणि पलीकडून, "सार्ज, ती माझ्या मेव्हण्याने कॅम्पिंगला नेली." तर शेवटच्या ड्रिलच्या महिनाभर आधी आपली इश्यू यादी सप्लायकडून प्रिंट करून घ्या, घरी जमिनीवर सगळं पसरून टिक करा, धुवून आणा, मातीचं घेत नाहीत, आणि परत दिल्यावर शून्य शिल्लक दाखवणारी सही केलेली यादी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. गार्डमधे असाल तर एनजीबी २२ हा सेवेचा दाखला मागा, अॅक्टिव्ह ड्यूटी झाली असेल तर त्याचा डीडी २१४, रिझर्व्हवाल्यांनी ऑर्डरची कॉपी आणि पॉइंट स्टेटमेंट, आणि हे सगळं आर्मीचं ईमेल बंद व्हायच्या आत स्वतःच्या खाजगी ईमेलवर पाठवून ठेवा, कारण ते ईमेल बंद करताना कुणी फोन करून सांगत नाही.